अकरा मिलिमीटर

मराठीत शेवाळ, गुजरातीत लील.
दोन्ही भाषांत पुढचं वाक्य एकच:
पाय सांभाळ.

ऋजुता मॅडम म्हणतात, शेवाळ वेगळं, खंडागळेकाका,
हे मॉस. याला देठ आहे, पानं आहेत,
मुळं तेवढी नाहीत.
मी चष्मा पुसून भिंगातून पाहिलं,
तर नखाएवढ्या ढेकळावर
एक अख्खं सुरूचं बन उभं,
झाडागणिक टोपी घातलेलं.

भाद्रपदात आम्ही ते आणलं
विश्वामित्रीच्या पुलाखालच्या विटांवरून.
काठावर मगरींचा बोर्ड,
त्यातल्या 'सावधान'चे काने यानंच झाकलेले.
मी सुरीनं खरवडत होतो,
मॅडम पाकिटावर तारीख घालत होत्या,
आणि पलीकडच्या चिखलात एक मगर पडून होती,
जिला आमच्या संशोधनात काडीचाही रस नव्हता.

तीस वर्षं याच हातांनी
जिन्याचं, हौदाच्या कडेचं, टाकीखालचं
घासून काढलंय मी.
तारेचा ब्रश, ब्लीचिंग पावडर.
डिपार्टमेंटची मागची भिंत
दर दिवाळीला गोरी करून द्यायचो.
आता तेच सावलीत वाळवतो,
खलात कुटतो,
मिथेनॉलात बुडवून रात्रभर ठेवतो, बूच लावून.

जांभळ्या पाण्याच्या नळीत त्याचे चार थेंब पडले
की जांभळं विटत जातं, पिवळ्यावर येतं.
अँटिऑक्सिडंट, मॅडम म्हणतात.
घरी कुमुदला सांगताना मी म्हणालो,
गंज चढू न देणारं काहीतरी.
ती म्हणाली, मग आधी माझे गुडघे दाखवा त्याला.

काचेच्या बशीत जंतूंची साय धरते,
दुधावर धरावी तशी, एकसारखी.
सायीवर कागदाची टिकली, टिकलीत अर्क.
दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती
मोकळं रिंगण.
पोहता न येणारे सूरसागरच्या कठड्याशी थांबतात
तसे जंतू काठावर थांबलेले.

मॅडमनी पट्टी लावली. अकरा मिलिमीटर.
शेजारच्या विकतच्या औषधाचं सव्वीस.
मला वाटलं, आता यांचं तोंड उतरणार.
त्या म्हणाल्या, अकरा म्हणजे अकरा,
आणि तीच बशी आणखी तीनदा लावायला सांगितली.

साल नाही, काटा नाही,
पान एका पेशीच्या जाडीचं,
आणि बिऱ्हाड कायम ओलीत,
जिथं दाराची चौकट कुजते, चपला बुरसतात,
लग्नाच्या अल्बमची पानं चिकटून बसतात.
तरी कुजलेलं मॉस मला आठवत नाही.
इतकी वर्षं घासताना
हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

कुमुदच्या टाचेला जखम आहे. तिला साखर आहे.
सयाजी हॉस्पिटलात ड्रेसिंग, पाचवा आठवडा.
एका दुपारी मॅडम जेवायला गेल्या
आणि मी त्या बाटलीपाशी गेलो.
बूच काढलं.
वास थेट डोळ्यांत गेला.
बूच लावलं.

संध्याकाळी स्वतःहूनच सांगून टाकलं.
त्या रागावल्या नाहीत, हेच अवघड गेलं.
म्हणाल्या, बशी म्हणजे पाय नव्हे, काका.
मधे दहा वर्षं आहेत. वीसही असतील.
पलीकडे काहीच नसेल, असंही होतं.
मग त्यांनी हॉस्पिटलातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांना
फोन लावला, माझ्यासमोरच.

खिशाच्या शिवणीत चिमूटभर वाळकं राहून गेलेलं,
चहाच्या चुऱ्यासारखं.
घरी बशीत ठेवून वर पाणी शिंपडलं.
पाय उशीवर घेऊन कुमुद बघत होती.
दोन मिनिटांत एकेक पान
अंग सोडवत उठलं, हिरवंगार,
जणू मधले महिने त्यानं मोजलेच नव्हते.

हे काय?
औषध.
कशावरचं?
अजून ठरायचंय.

बरं, ती म्हणाली,
ठरेपर्यंत दुसऱ्या कशात तरी ठेवा.
बशी लागेल मला चहाला.